मौशुमीला फाशी द्या, म्हणजे आपली घरं टिकतील!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचायला घ्या, आणि घेतली तर शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून कमेंट टाकणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

आमच्या संभाजीनगरात गारखेड्याच्या बाजूला पंधरा-सोळा जणांचा एक वाचन गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एका पुस्तकावर बोलायचं, पोहे खायचे, चहा घ्यायचा आणि घरी जायचं. निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेतले दोघं आहेत, शाळेतल्या बाई आहेत, एक डॉक्टर जोडपं आहे, दोन-तीन तरुण पोरं आहेत आणि बातम्या लिहून पोट भरणारा मी आहे. मंडळी चांगली आहेत. मनापासून वाचतात. म्हणूनच परवा जे झालं त्याचा जास्त त्रास झाला.

पुस्तक होतं झुंपा लाहिरींची २००३ सालची कादंबरी, 'द नेमसेक'. मीरा नायरने तिच्यावर २००६ मध्ये सिनेमा केला, इरफान आणि तब्बूचा. तो बऱ्याच जणांनी पाहिलेला असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशोक आणि आशिमा गांगुली हे कलकत्त्याचं जोडपं १९६० च्या दशकात अमेरिकेत जातं. मुलगा होतो. बाळाचं नाव आशिमाच्या आजीने पत्रातून कळवलेलं असतं, पण ते पत्र कधी पोचतच नाही. म्हणून बाप आपल्या आवडत्या रशियन लेखकाचं नाव पोराला देतो, गोगोल. पोरगा मोठा होतो, नावाला कंटाळतो, नाव बदलतो, गोऱ्या मुलींच्या प्रेमात पडतो, बाप अचानक जातो, आणि मग आईच्या सांगण्यावरून तो लहानपणी ओळखीच्या असलेल्या एका बंगाली घरातल्या मुलीला भेटतो. तिचं नाव मौशुमी. दोघं लग्न करतात. वर्षभरातच तिचं मन उडतं. दिमित्री नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसात ती गुंतते, आणि एक दिवस आगगाडीत तिच्या तोंडून त्याचं नाव निसटतं. लग्न मोडतं.

कादंबरीत रेल्वेचा अपघात आहे, बापाचा मृत्यू आहे, तीसहून जास्त वर्षं परक्या देशात संसार रेटणारी आशिमा आहे, नावाची भानगड आहे. आमची दोन तासांची चर्चा कशावर झाली? मौशुमीवर. त्यातही ती किती वाईट आहे यावर.

बँकेतले काका म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटतच होतं. पोरगी तिकडं वाढलेली, पॅरिसला राहून आलेली, दुसरं काय होणार?"

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "त्या गोगोलने तिला काय कमी केलं होतं? ना दारू, ना मारहाण. बिचारा स्वयंपाकसुद्धा करायचा."

एक सर तर पार पुढे गेले. म्हणाले, "संस्कार कमी पडले की असंच होतं. म्हणून मी म्हणतो, पोरं तिकडं वाढवूच नयेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मीही मान डोलावली असेल.

मग चहाची वेळ झाली. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या बाई आत कप भरत होत्या. मी ट्रे घ्यायला आत गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "भाऊ, माझ्या लेकीचं मोडून दोन वर्षं झाली. तिकडंच असते. एकटी. बाहेर बसलेल्यांपैकी कुणालाच माहीत नाही."

मला काय बोलावं सुचलं नाही. विचारलं, "सांगितलं का नाही कुणाला?"

त्या म्हणाल्या, "आत्ता ऐकलंत ना बाहेर काय चाललंय ते?"

आणि ट्रे माझ्या हातात देऊन बिस्किटं काढायला वळल्या.

ही पोस्ट त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या गटातल्या कुणी हे वाचत असेल तर कुणाच्या घरातली गोष्ट आहे हे शोधत बसू नका. खरंतर ती कुणाच्याही घरातली असू शकते, तुमच्यासुद्धा.

आता मुद्द्यावर येतो.

घरी येऊन मी पुस्तक पुन्हा काढलं. जे वाचल्यासारखं वाटत होतं, ते खरंच त्यात आहे का हे बघायला. आणि मला तीन गोष्टी सापडल्या. आमच्या दोन तासांच्या चर्चेत त्यातली एकही आली नव्हती.

पहिली गोष्ट. मौशुमी भेटण्याआधी गोगोलचं स्वतःचं एक प्रकरण आहे. ब्रिजेट नावाची बाई. लग्न झालेली. तिचा नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. गोगोलला हे पक्कं माहीत असतं, तरी तो तिच्यासोबत राहतो. म्हणजे जे मौशुमी पुढे करते, ते गोगोलने दुसऱ्या कुणाच्या तरी संसारात आधीच केलेलं आहे. लेखिकेने हे लपवलेलं नाही, चांगलं ठळक लिहिलंय. पंधरा वाचकांपैकी एकालाही ते आठवलं नाही. मलाही आठवलं नव्हतं. पुरुषाचं प्रकरण आपण वाचतो आणि पान उलटतो. बाईचं प्रकरण वाचलं की पानाला कोपरा दुमडून ठेवतो.

दुसरी गोष्ट. हे लग्न ठरलं कसं? मौशुमीचं आधी एका अमेरिकन मुलाशी लग्न ठरलेलं असतं आणि ते ऐन तोंडावर मोडतं. ती पार खचलेली असते. गोगोलचा बाप गेलेला असतो आणि त्या धक्क्यात त्याचं मॅक्सीनशी असलेलं नातं संपलेलं असतं. आशिमा विधवा झालेली, एकटी, पोराच्या काळजीत. ती म्हणते, अमक्यांची मुलगी आहे, फोन कर. दोन दुखावलेली माणसं भेटतात, एकमेकांच्या घरातला वास ओळखीचा वाटतो, दोन्हीकडचे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि लग्न उरकलं जातं. लग्न आईबापांच्या पद्धतीने, पाहुण्यांची यादी आईबापांची. आता सांगा, यात संस्कार कमी पडले की जरा जास्तच झाले? ही मुलं आईबापांचा शब्द मोडून बिघडली नाहीत. आयुष्यात एकदा आईबापांचं ऐकलं आणि तिथेच फसली.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शेवटी आशिमा या मोडलेल्या लग्नाबद्दल काय विचार करते? ती सुनेला शिव्या देत नाही. आपणच पोराला फोन करायला लावला, याचा सल तिच्या मनात आहे. आणि ती स्वतःशी म्हणते की बरं झालं, आमच्या पिढीसारखं काहीही झालं तरी निभावून नेणं हे या पोरांनी कर्तव्य मानलं नाही. हे कोण म्हणतंय? कपाळाला कुंकू लावणारी, नवऱ्याला कधी नावाने हाक न मारणारी, आयुष्यभर साडी नेसलेली बाई म्हणतेय. जिच्या नावाने आमची मंडळी संस्कारांचा झेंडा फडकवत होती, तीच सासू त्या सुनेला सोडून देते. आम्ही मात्र सोडायला तयार नाही.

म्हणजे आम्ही कादंबरी वाचलीच नाही. आम्ही पंचायत भरवली. आरोपी आधीच ठरलेली, साक्षीपुरावे नकोत, निकाल तयार.

आणि ही पंचायत आजची नाही, मंडळी. मराठी वाचकाला दुसऱ्याचं मोडकं लग्न वाचून निकाल द्यायची सव्वाशे-दीडशे वर्षांची सवय आहे.

रखमाबाई आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढे ती नवऱ्याकडे नांदायला जायला तयार झाली नाही. नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात गदारोळ झाला. टिळकांची 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं तिच्या विरोधात तुटून पडली. ती 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहीत होती, तर तिच्या शिक्षणालाच दोष दिला गेला: शिकली, म्हणून बिघडली. अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल फिरला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

आता परवाचं वाक्य त्या काळात नेऊन ठेवा. "पोरगी पॅरिसला राहून आलेली, दुसरं काय होणार?" आणि "पोरगी शिकलेली, दुसरं काय होणार?" शब्द बदलले, सूर तोच.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जिव्हाळ्याचं. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत गेलेलं आपलं पहिलं नावाजलेलं मराठी घर म्हणायचं तर ते हेच. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत पुण्यात गेली. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' आपल्या पिढीने शाळा-कॉलेजात वाचली, २०१९ मध्ये सिनेमाही येऊन गेला. बायकोला शिकवणारा विक्षिप्त पण थोर नवरा, ही प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की बसली आहे.

पण आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेलं एक पत्र आहे. तुम्ही माझ्याशी चांगलं वागलात की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, अशा अर्थाचं त्या त्यात लिहितात. आणि मग यादी देतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकून मारलीत आणि सोडून जाण्याची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात. परक्या देशात, थंडीत, एकटी राहणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरगी हजारो मैलांवरून नवऱ्याला हे हिशोब लिहून पाठवते. याला काय म्हणायचं? हा सुखी संसार होता का?

मी गोपाळरावांचं श्रेय काढून घेत नाही. त्या काळात बायकोला एकटीला समुद्रापार पाठवणारा माणूस साधा नव्हता. मुद्दा वाचकांचा आहे. त्या लग्नात मार आहे, आणि आपण वाचक म्हणून तो मार माफ केला. का? कारण ते लग्न मोडलं नाही. टिकलेल्या लग्नातला मार आपल्याला दिसत नाही आणि मोडलेल्या लग्नातला एकटेपणा आपल्याला पटत नाही. मौशुमीने कुणाला मारलं नाही. तिचा गुन्हा एवढाच की तिचं लग्न टिकलं नाही. आमच्या तराजूत हा जास्त भरतो.

आता माझ्या धंद्याबद्दल. दुसऱ्यांना बोललो, स्वतःला सोडलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका स्थानिक दैनिकात होतो. एक बातमी आली. परदेशातल्या मुलाशी लग्न होऊन गेलेली मुलगी आठ महिन्यांत परत आलेली. सासरच्यांनी आमच्याकडे कागद दिले: दागिने घेऊन आली, तिथं नांदली नाही वगैरे. मी बातमी लिहिली. "नवविवाहिता आठ महिन्यांत माघारी." दोन कॉलम. सासरच्यांचं सगळं छापलं. मुलीला फोन केला नाही. नंबर मिळाला असता, पण पान लावायची घाई होती आणि मला बातमी पूर्ण वाटत होती. नाव नव्हतं छापलं, पण गल्लीचं नाव होतं, आणि आपल्या गावात गल्लीचं नाव पुरतं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. घडी केलेला पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीशी एकदा बोलला असता तर बरं झालं असतं." तेवढंच बोलले आणि गेले. नंतर मी चौकशी केली. मुलीचा पासपोर्ट त्या घरात काढून घेतला होता, तिला माहेरी फोन करू देत नव्हते, शेजारच्या एका गुजराती बाईने मदत केली म्हणून ती परत येऊ शकली. आम्ही खुलासा छापला. आतल्या पानावर, चार ओळी. पहिली बातमी अख्ख्या गावाने वाचली होती, खुलासा कुणी वाचला असेल तर मला माहीत नाही.

म्हणून मी आमच्या गटातल्या काकांना फक्त हसू शकत नाही. ते कादंबरीतल्या बाईबद्दल बोलले. मी खऱ्या बाईबद्दल लिहिलं होतं, आणि त्याचे पैसे घेतले होते.

आणि आता आपल्या शहराबद्दल. इथल्या वधू-वर मेळाव्यांना जाऊन बघा. स्टेजवर मुलाची माहिती सांगताना "अमेरिकेत सेटल" हा शब्द आला की मागच्या रांगेतले आईबाप पेन काढतात. मुलगा कुठल्या गावात राहतो, किती तास काम करतो, घरात कोण आहे, आधी कुणाशी नातं होतं का, कर्ज किती, हे कुणी विचारत नाही. पत्रिका बघतात, पॅकेज बघतात. मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो. पहिल्या आठवड्यात चार मुली बघतो, दुसऱ्या आठवड्यात साखरपुडा, तिसऱ्यात लग्न. मग मुलगी एच-४ वर जाते. इथे कंपनीत टीम सांभाळणारी इंजिनियर पोरगी तिथे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. २०१५ पर्यंत एच-४ वर गेलेल्या बायकांना तिथे नोकरीच करता येत नव्हती. २०१५ नंतर काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलेलं असेल तरच. म्हणजे बँकेचं खातं नवऱ्याचं, गाडी नवऱ्याची, देशात राहायचा हक्क नवऱ्याचा. अशा लग्नात काही बिनसलं तर जाणार कुठे?

हे काही मी रंगवून सांगत नाही. अशा तक्रारी इतक्या येत होत्या की राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष काढावा लागला. तरीही आपली चर्चा काय? "पोरीने जरा जुळवून घ्यायला पाहिजे होतं."

बरं, परदेशाचं सोडा. मराठवाड्यातून सगळ्यात जास्त माणसं स्थलांतर करतात ती कुठे? न्यू जर्सीला नाही. ती जातात सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, कर्नाटकात. ऊस तोडायला. बीड, जालना, आमचा पैठण तालुका, सगळीकडून दिवाळीच्या सुमाराला ट्रक-ट्रॅक्टर भरून जातात. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. म्हणून पोराला लवकर जोडी मिळावी यासाठी पोरीबाळींची लग्नं पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कायद्याला सोडून सगळे ते मान्य करतात.

आता विचार करा. त्या जोडीतल्या बाईला नवरा नको झाला तर? लग्न मोडलं तर कोयता मोडला. कोयता मोडला तर उचल फिटायची कशी? मुकादम दारात उभा. म्हणजे तिथे संसार टिकवायला संस्कार लागत नाहीत, उचल पुरते. आमच्या गटात "ग्रामीण भागात अजून संसार टिकून आहेत बघा" असंही एक वाक्य परवा पडलं होतं. मी फडात जाऊन बातम्या केल्या आहेत. टिकलेत खरे. पण कशावर टिकलेत ते जाऊन बघा, आणि मग कौतुक करा.

एवढं लिहिल्यावर मला माहीत आहे पहिली कमेंट काय येणार: "म्हणजे तुम्ही बाहेरख्यालीपणाचं समर्थन करता का?"

नाही. मौशुमी चुकली. तिने सांगायला पाहिजे होतं. गोगोलला ते दुसऱ्या माणसाचं नाव असं अचानक आगगाडीत ऐकायला लागलं, ते वाचताना माझ्याही पोटात खड्डा पडला. फसवणूक ही फसवणूकच, बाईने केली तरी आणि पुरुषाने केली तरी. माझं म्हणणं एवढंच आहे की चूक आणि पाप यात फरक असतो. आणि माणसाची चूक मोजताना त्याच्या आधीचं सगळं आयुष्य मोजावं लागतं. कादंबरीकार ते मोजून देते. शेकडो पानं मोजूनच देते. न्यायाधीशाला इतका वेळ मिळत नाही, पत्रकार तर घेतच नाही. वाचकाला मिळतो. मग वाचकानेही आमच्यासारखी मथळ्याची घाई का करावी?

दुसरी कमेंट: "असं म्हणत गेलं तर उद्या कुणाचंच लग्न टिकणार नाही."

कायद्याने कधीच वेगळा विचार केला आहे, साहेब. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय १९७६ मध्ये आली, आता पन्नास वर्षं होतील. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यातली सहा महिन्यांची थांबण्याची अट न्यायालय योग्य प्रकरणात शिथिल करू शकतं. १ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितलं की जे लग्न पुन्हा जुळण्यापलीकडे गेलंय, ते मोडण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला कलम १४२ खाली आहे. देशातलं सर्वोच्च न्यायालय म्हणतं की काही लग्नं संपतात, आणि संपली हे मान्य करण्यातच दोघांचं भलं असतं. आमच्या गारखेड्याच्या गटाला मात्र ते मान्य नाही. आणि कायदा असूनही घरची माणसं दोन-दोन वर्षं गप्प बसतात. लेकीला न्यायाधीशाने मोकळं केलं, तरी आईला शेजारी मोकळं करत नाहीत.

सगळ्यात वाईट काय, सांगू? त्या बाईंनी परवा चर्चेत भाग घेतला होता. त्याही बोलल्या. "हो ना, कसं वागली बघा," असं त्याही मौशुमीबद्दल म्हणाल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून. कारण गप्प बसल्या असत्या तर कुणाला तरी शंका आली असती. आपण काय करून ठेवलंय बघा. एका आईला आपल्या पोरीचं दुःख लपवायला दुसऱ्या पोरीवर दगड मारावा लागला, भले ती कागदावरची असो.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक, वाचन गटांना. मोडलेल्या लग्नाची गोष्ट वाचलीत तर "चूक कुणाची?" हा प्रश्न शेवटी घ्या. आधी विचारा, हे लग्न ठरलं कसं, कुणी ठरवलं, कुणाला घाई होती, कुणाला विचारलंच नाही. आणि बोलताना धरून चाला की खोलीतल्या एका तरी घरात हे घडलेलं आहे.

दोन, मुलींच्या आईबापांना. परदेशातलं स्थळ आलं तर पॅकेजच्या आधी व्हिसाचा प्रकार विचारा. मुलीचं स्वतःचं बँक खातं असेल का, तिथे तिला काम करता येईल का, तिचे कागद कुणाकडे राहणार, हे विचारा. विचारल्याने राग येत असेल तर ते स्थळ सोडा. आणि पोरीला जाताना एवढं सांगून पाठवा: नाही जमलं तर परत ये, दार उघडं आहे, गल्लीला काय सांगायचं ते आम्ही बघू.

तीन, माझ्या बातमीदार भावंडांना. लग्नाची बातमी एका बाजूने छापू नका. एक फोन लागतो फक्त. मी केला नव्हता.

पुढच्या महिन्याची बैठक त्याच घरी आहे. पुस्तक अजून ठरलेलं नाही. मी पुन्हा 'नेमसेक'च सुचवलंय, आणि सांगितलंय की या वेळी सुरुवात आशिमापासून करू. बघू किती जण येतात.

सहमत नसाल तर कमेंटमध्ये जरूर भांडा, मला राग नाही. फक्त खऱ्या माणसांची नावं घेऊ नका.